शिक्षणाच्या वाटा : नंबर काढण्याची पदवी

बारावीचा निकाल लागला, की मध्यमवर्गीय घरात एक सभा भरते. अध्यक्षस्थानी आजोबा, खजिनदार बाबा, चिटणीस आई. आणि जिच्या भवितव्याचा ठराव मांडायचा ती कन्या मात्र कोपऱ्यात मुकाट्याने बसलेली! ‘नीट’ परीक्षेत गुण थोडे कमी पडलेले असतात. मग मामा सुचवतात, “ते डोळ्यांचे काहीतरी असते ना, ऑप्टोमेट्री, त्याला घाला.” त्यावर आत्याबाई लगेच विचारतात, “म्हणजे चार वर्षे शिकून चष्म्याच्या दुकानातच उभे राहायचे?”

मामांना ही पदवी म्हणजे हुकलेल्या डॉक्टरकीचे उत्तेजनार्थ बक्षीस वाटते आणि आत्याबाईंना दुकानदारी. दोघांचाही समज चुकीचा आहे. तो दूर झाल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, म्हणून यंदा तिचाच विचार करू.

डोळ्यांशी संबंध असलेली माणसे तीन प्रकारची. नेत्रतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. होऊन पुढे डोळ्यांचे विशेष शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषधोपचार आणि शस्त्रक्रिया हे त्याचे काम. ऑप्टिशियन हा लिहून दिलेल्या नंबराप्रमाणे काचा बसवून चष्मा नाकावर नीट बेतून देणारा. या दोघांच्या मधला तो ऑप्टोमेट्रिस्ट. तो दृष्टी तपासतो, चष्म्याचा वा कॉन्टॅक्ट लेन्सचा नंबर ठरवतो, आणि डोळ्यात रोगाची चाहूल लागली तर वेळेवर डॉक्टरकडे पाठवतो.

“नंबर तर हल्ली यंत्रच काढते!” असे कोणी म्हणेल. यंत्र अंदाज देते. निर्णय माणसालाच करावा लागतो. आपल्या डोळ्याची भिंगशक्ती सुमारे साठ डायॉप्टर. त्यातील दोन तृतीयांश काम पुढचा पारदर्शक पडदा करतो, उरलेले आतले भिंग. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे चोवीस मिलिमीटर लांब असतो. ही लांबी एका मिलिमीटरने वाढली, की अडीच-तीन नंबरचा चष्मा लागलाच म्हणून समजा! शिवाय लहान मुले जवळचे पाहण्यासाठी डोळ्यांवर इतका जोर देतात, की तपासतानाही तो सैल पडत नाही आणि यंत्र भलताच आकडा दाखवते. हे ओळखायला शिक्षण लागते.

म्हणूनच पहिल्या वर्षात शरीररचना, शरीरक्रिया आणि प्रकाशशास्त्र यांची घसट करावी लागते. पुढे रेटिनोस्कोप हातात येतो. या छोट्याशा उपकरणातून बाहुलीत उजेडाची तिरीप टाकायची, ती हलवायची, आणि आतून परतणारा उजेड कोणत्या दिशेने सरकतो हे पाहायचे. समोर एकेक भिंग धरत ती हालचाल थांबवायची, की नंबर सापडला. रोग्याने एक अक्षरही वाचावे लागत नाही. अक्षरओळख नसलेले दोन वर्षांचे मूल असो की बोलता न येणारा वृद्ध, डोळाच आपली हकीकत सांगतो. ही हातोटी मात्र पाठांतराने येत नाही. शेकडो डोळे पाहावे लागतात.

त्यापुढे तिरळेपणा, कॉन्टॅक्ट लेन्स, आणि उपचार संपल्यावरही अंधुकच दिसणाऱ्यांना खास भिंगे व साधने देऊन वाचते करण्याची विद्या हे विषय येतात. आजवरचा रूढ आराखडा तीन वर्षे अभ्यास आणि एक वर्ष प्रत्यक्ष रुग्णसेवा असा आहे.

आता आत्याबाईंच्या प्रश्नाकडे वळू. समजा, एखाद्या मुलाच्या एकाच डोळ्याला मोठा नंबर आहे. मेंदू त्या डोळ्याकडून येणारे धूसर चित्र बाजूला टाकतो आणि चांगल्या डोळ्यावर भागवून नेतो. मूल खेळते, वाचते, पहिले येते. घरात कोणाला पत्ताही लागत नाही. यालाच ‘आळशी डोळा’ म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत योग्य चष्मा दिला आणि रोज काही तास चांगला डोळा झाकून आळशाला कामाला लावले, तर तो बहुधा सुधारतो. वय वाढत जाते तसे हे काम कठीण होत जाते. तेव्हा ज्याने वेळेवर नंबर काढला, त्याने त्या मुलाला एक डोळा दिला असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरे टोक चाळिशीचे. वाचायच्या चष्म्याला आपण वयाचेच नाव देऊन टाकले आहे! ही चाळिशी बदलायला गेलेल्या गृहस्थाच्या डोळ्यांत काचबिंदू मुरत असू शकतो. त्याचा नेहमीचा प्रकार दुखत नाही, खुपत नाही. कडेची दृष्टी गुपचूप खातो, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. शिकलेला ऑप्टोमेट्रिस्ट डोळ्याचा दाब व आतली मज्जातंतूची तबकडी पाहतो आणि शंका आली तर म्हणतो, “चष्मा मागाहून, आधी डॉक्टरांकडे जा.” आपले काम कोठे संपते हे ओळखणे, हाही या शिक्षणाचा मोठा भाग आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या अहवालाप्रमाणे जगात किमान २२० कोटी लोकांची दृष्टी अधू आहे; त्यांपैकी किमान १०० कोटींच्या बाबतीत ते टाळता आले असते किंवा त्यावर अजून इलाज व्हायचा आहे. त्यांत साध्या चष्म्याअभावी अडलेले पुष्कळ आहेत.

शिकायचे कोठे? १९८५ साली तेव्हाच्या मद्रासमध्ये शंकर नेत्रालयाने एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री काढले. पदवी शिक्षणाला वळण लावणाऱ्या संस्थांत त्याचे नाव मोठे. आपल्याकडे पुण्यात भारती विद्यापीठाचे, तर मुंबईत लोटस कॉलेज आहे. बारावीला विज्ञान हवेच. नियम बदलत असतात, म्हणून मुदत व पात्रता त्या वर्षी विचारून घ्यावी. आणखीही काही विचारावे : पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठाची आहे का? संस्थेला डोळ्यांचे रुग्णालय जोडलेले आहे का? विद्यार्थ्याच्या हाताखालून किती रुग्ण जातात? इमारतीची चकचकीत फरशी पाहून फी भरू नये.

पूर्वी या व्यवसायासाठी देशपातळीवर नोंदणीची कायदेशीर सोय नव्हती. चार वर्षे शिकलेला आणि चार महिन्यांत यंत्राची बटणे दाबायला शिकलेला, दोघेही एकच पाटी लावीत. २०२१ साली संसदेने आरोग्यसेवेतील अशा संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्यात ऑप्टोमेट्रिस्टला स्थान मिळाले. पाटीमागचे शिक्षण तपासण्याची वाट त्याने मोकळी झाली.

एक मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. पहिला पगार पाहून शेजारीपाजारी हेवा करतील, असे हे क्षेत्र नव्हे. दिवसभर अंधाऱ्या खोलीत “हे बरे, की ते बरे?” हाच प्रश्न विचारावा लागतो, आणि विसाव्या रोग्यालाही तो पहिल्याइतक्याच गोडीने विचारता आला पाहिजे. डॉक्टर न झाल्याची खंत उराशी बाळगून जो येईल, तो येथे कुढत राहील. पण ज्याला प्रकाशशास्त्राची गोडी आहे, हात स्थिर आहे आणि माणसांशी बोलण्याचा कंटाळा नाही, त्याने ही वाट खुशाल धरावी, मात्र पहिली पसंती म्हणून.

आणि ज्यांच्या घरी अजून बारावी दूर आहे, त्यांच्यासाठी सुटीतले एक छोटे काम. बाळगोपाळांना आळीपाळीने एकेक डोळा झाकून समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचायला लावा. एखाद्या डोळ्याने कुरकूर केली, तर तपासणी लांबणीवर टाकू नका. दिवाळीच्या पणत्या सर्वांना दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसोत!