नाइट, नवरी आणि गासची वाडी

माझ्या पर्समध्ये नेहमी एक पुस्तक असतं. कव्हरवर चिलखतातला रुबाबदार नाइट, मागे किल्ला आणि पुढे रागावलेली नवरी. स्टोरी टिपिकल. लग्न राजाने ठरवलेलं, तिला ते नको असतं, पहिली शंभर पानं ती त्याच्याशी भांडते आणि शेवटच्या पानावर... असो, तुम्हाला कळलं! मास कॉमची डिग्री घेऊन हे वाचते म्हणून मित्रमंडळी हसतात. हसू देत.

गेल्या रविवारी असंच एक पुस्तक घेऊन मी नालासोपाऱ्याला उतरले आणि रिक्षाने गासला गेले. मैत्रिणीला बघायला येणार होते. एरवी ही बाई ऑफिसात दिवसाला दहा जणांचे इंटरव्ह्यू घेते. आज स्वतःचा म्हटल्यावर किचनमध्ये घामाघूम! पाहुणे यायला वेळ होता. तिने पुस्तक चाळलं आणि विचारलं, "काय गं, हिला कोणी विचारलं होतं का?"

प्रश्न सॉलिड होता. मध्ययुगातल्या युरोपात सरदार घराण्यांची लग्नं बरेचदा जमिनीसाठीच जमायची. नवरीबरोबर जहागीर यायची, मग नवरीला काय विचारायचं? पण बाराव्या शतकात चर्चच्या कायद्याने एक गोष्ट पक्की केली. लग्न आईबापांच्या बोलणीने नाही, वधू-वरांच्या होकाराने होतं. पुढे 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने तो होकार धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदारांसमोर द्यायची अट घातली. आता घरच्यांच्या धाकात तो 'हो' कितपत मोकळा असायचा, हा भाग वेगळा.

आणि हे सगळं लांब युरोपातलं नाही बरं का! वसई 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे आली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकेपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. म्हणजे नाइटचे चुलतभाऊ म्हणावेत असे पोर्तुगीज सरदार, 'फिदाल्गो', इथल्याच किल्ल्यात राहायचे. राजाच्या चाकरीत वडील गमावलेल्या मुली तेव्हा लिस्बनहून जहाजाने गोव्याला पाठवल्या जात. 'राजाच्या अनाथ मुली' म्हणत त्यांना. लग्न करणाऱ्याला हुंड्यात सरकारी पद मिळायचं. फिल्मी वाटतं ना? पण त्या मुलीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. एवढा समुद्र ओलांडायचा, आणि पलीकडे उभा असलेला माणूस नोकरी बघायला आलेला!

आपल्याला माहीत असलेलं सगळ्यात गाजलेलं अॅरेंज्ड मॅरेज मात्र कॅथरीनचं. पोर्तुगालची राजकन्या. 1661 च्या करारात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला तिच्याबरोबर वीस लाख क्रुझादो, टँजिअर आणि वसईच्या अमलाखालची मुंबई कबूल झाली. 1662 मध्ये लग्न झालं आणि लगेच नवरोबांनी आपल्या प्रेयसीचं, बार्बरा व्हिलिअर्सचं नाव राणीच्या खास सेविकांच्या यादीत घातलं. कॅथरीनने ते सरळ खोडलं! राजा हट्टाला पेटला, तिच्या पोर्तुगीज माणसांना परत पाठवलं आणि शेवटी तिला नमावं लागलं. माझ्या पुस्तकातली नवरी कधी अशी हरत नाही. पण पुढे मूल होईना म्हणून घटस्फोटाचा सल्ला मिळाला, तेव्हा चार्ल्सने तो मानला नाही. आणि 1704-05 मध्ये हीच बाई पोर्तुगालचा कारभार बघत होती. मुंबई मात्र तिने कधी पाहिली नाही.

मला मात्र कॅथरीनपेक्षा भारी वाटते ती दोना इग्नेज द मिरांडा. दों रॉद्रिगो द मोन्सांतोची विधवा, मुंबई बेटाची मालकीण. 18 फेब्रुवारी 1665 ला इंग्रजांनी बेटाचा ताबा घेतला, तो तिच्याच घरात. पण त्याआधी झालेल्या करारात तिच्यासाठी एक कलम होतं. ती हयात असेपर्यंत, तिच्या मर्जीशिवाय, तिच्या मालमत्तेला हात लावायचा नाही. दोन राजांनी लग्नात बेट देऊन टाकलं, पण कागदावर 'तिची मर्जी' उरलीच!

हे मी मैत्रिणीला रंगवून सांगत होते, तेवढ्यात पाहुणे आले. मुलगा बरा होता, कमी बोलणारा. बोलत होते ते त्याचे काका. "वाडी रस्त्याला लागूनच आहे, नाही का?" मैत्रीण एकुलती एक. मागे विहीर, केळी, थोडी भाजी. नालासोपाऱ्याच्या इमारती सरकत सरकत किती जवळ आल्यात, ते मी रिक्षातून बघितलंच होतं. तिचे पप्पा नुसते हसले. आईने चहाचा ट्रे उगाचच सरळ केला.

मैत्रीण म्हणाली, "वाडी विकायची नाही काका. उद्या माझ्या नावावर झाली तरी माझ्या मर्जीशिवाय नाही."

खोलीत शांतता. कायदा तिच्या बाजूने आहे. 1925 च्या भारतीय वारसा कायद्यात ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत तो 2005 मध्ये मिळाला. पण बॉस, बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर कायदा कोण वाचून दाखवतं? तिथे आपणच बोलावं लागतं, आणि स्थळ हातचं जाईल ही भीती असतेच. तिचा कप हातात थरथरत होता, मी पाहिलं.

मग तो मुलगा पहिल्यांदा नीट बोलला. "विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खारं होतं का?"

"मे महिन्यात थोडं," ती म्हणाली.

"दाखवाल?"

दोघं मागच्या दाराने गेली. काकांनी बिस्कीट घेतलं. वीस मिनिटांनी दोघं परत आली, तेव्हा त्याच्या बुटांना चिखल लागलेला होता.

तिने अजून 'हो' म्हटलेलं नाही. आठवडाभराचा वेळ मागून घेतलाय. त्याने तो लगेच दिला, काकांनी जरा वेळ लावला. निघताना पुस्तक परत मागितलं तर म्हणते, "राहू दे इथेच. ती शेवटी 'हो' म्हणते ते माहितीये मला. कशावर म्हणते, ते बघायचंय."