आपला माणूस आणि अमानत

अक्कलकोट रोड एमआयडीसीत पाळी बदलली की यंत्रमाग कामगार चहाच्या टपरीवर दहा मिनिटे टेकतात. पेपरात एखाद्या ज्येष्ठ नेत्यावर आरोप आलेले असले, तर त्या दहा मिनिटांत निकालही लागतो. नेता दुसऱ्यांचा असेल तर, "चोरच तो, पुरावा कशाला?" आपला असेल तर, "मुद्दाम अडकवलंय." आणि वर आणखी एक, "खाल्लं असेल, पण कामं केली ना!"

हे तिन्ही निकाल महाराष्ट्राने एकाच माणसाबद्दल ऐकले आहेत. बॅ. अ. र. अंतुले १९८० साली मुख्यमंत्री झाले. या पदावर बसलेले ते पहिले मुसलमान. दुसरा अजून झालेला नाही. त्या काळी सिमेंट सरकारी परवान्यावर मिळे. बिल्डरांना जादा सिमेंट द्यायचे आणि बदल्यात न्यासांसाठी देणग्या घ्यायच्या, असा आरोप अरुण शौरी यांनी १९८१ मध्ये इंडियन एक्सप्रेसमधून केला. जानेवारी १९८२ मध्ये उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन यांचा निकाल विरोधात गेला आणि अंतुले पायउतार झाले. खटला मात्र वर्षानुवर्षे रेंगाळला. तो उच्च न्यायालयाकडे सोपवण्याचा स्वतःचाच आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये चुकीचा ठरवला. पुढच्याच वर्षी कुलाब्याच्या मतदारांनी अंतुल्यांना लोकसभेत पाठवले.

आमच्या मोहल्ल्यात आजही म्हणतात, "मुसलमान होते म्हणून घालवले." संजय गांधी निराधार योजनाही त्यांच्याच कारकिर्दीतली. तिच्या पैशांसाठी आपल्या कितीतरी बेवा बहिणी तहसीलच्या रांगेत उभ्या असतात. त्यांची दुआ खरीच आहे.

पण वाचकहो, दुआ म्हणजे हिशेब नव्हे. बेवेला मिळणारा पैसा सरकारी तिजोरीतला, म्हणजे जनतेची अमानत. ती नीट वाटली म्हणून दुसऱ्या अमानतीचा जाब माफ होत नाही. तसाच, नुसता आरोप म्हणजे गुन्हाही नव्हे. सूरह निसामध्ये स्वतःच्या, आईबापांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध जात असली तरी खरी गवाही द्यायची ताकीद आहे. सूरह हुजुरातमध्ये आलेली खबर आधी पारखून घ्यायला सांगितले आहे. दोन्ही हुकूम एकाच वेळी पाळायचे आहेत.

आम्हाला यात कौमचाही फायदा दिसतो. एकाच्या कृत्यासाठी सगळ्यांकडे बोट दाखवले की आपण दुखावतो, आणि ते रास्तच आहे. मग कोणी नेता केवळ 'आपला' म्हणून त्याची वकिली का करावी? तसे केले तर त्याचे ओझे आपणच कौमच्या गळ्यात बांधतो. पुराव्याची मागणी आपल्या माणसासाठी जितकी ठाम, तितकीच परक्यासाठीही हवी.

घरात टीव्हीवर अशी बातमी लागली की मुले आपल्या तोंडाकडे पाहत असतात. नेत्याचे आडनाव ऐकून आपला निकाल बदलला, तर तेवढे त्यांना लगेच कळते. वर्गातल्या नागरिकशास्त्राच्या धड्यापेक्षा तो धडा जास्त काळ टिकतो.