बर्फ कोणाच्या हाती?

बंदर म्हटले की समुद्र, नौका आणि धक्का एवढे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र बंदराचे महत्त्व दोन गोष्टींत आहे. हाती आलेला माल तेथे काही काळ राखून ठेवता येतो, आणि तो घेण्यासाठी अनेक खरेदीदार तेथे एकत्र येतात. यांपैकी एक गोष्ट नसली तरी माल पिकवणाऱ्याचे काय होते, हे मालदीवच्या उदाहरणावरून दिसते. मालेच्या धक्क्यावर नौका लागतात आणि चार पावलांवरच्या बाजारात टुना मासळी विकली जाते. बर्फ नव्हता त्या काळीही तेथील लोक ही मासळी उकडून, धुरावर शेकून आणि उन्हात वाळवून टिकवीत व सिलोनला पाठवीत. माल थांबू शकत होता. परंतु मोठे गिऱ्हाईक एकच होते. १९७०च्या दशकाच्या आरंभी श्रीलंकेने ही खरेदी आखडती घेतली, तेव्हा त्या बेटांच्या अर्थव्यवस्थेला जबर धक्का बसला.

या दोन कसोट्या समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वडशाला, म्हणजेच देसाईगंजला लावून पाहण्यासारख्या आहेत. गाव वैनगंगेच्या काठी आहे. गोंदिया–चांदा फोर्ट मार्गावरचे हे स्थानक दीर्घकाळ गडचिरोली जिल्ह्यातील एकमेव रेल्वे स्थानक होते. भोवतालच्या मुलखात पाण्याला तोटा नाही. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले हजारो तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत विखुरले आहेत. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली व हे तलाव सरकारच्या ताब्यात आले. पुढे त्यांतील मासेमारीचे ठेके सहकारी संस्थांकडे जाऊ लागले. डोंगा आणि जाळे यांवर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्या ढिवर समाजाला पाण्यावर, निदान कागदोपत्री, थोडा हक्क मिळाला.

परंतु पाण्यातून मासळी बाहेर आली की या हक्काची मुदत संपते. उन्हाळ्यात तलाव आटू लागले की सर्वांना एकाच सुमारास मासळी काढावी लागते. वडशापलीकडे, नदीच्या दुसऱ्या तीरावरील ब्रह्मपुरीत याच दिवसांत पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा उष्म्यात टोपलीतील रोहू किंवा मरळ काही तासांतच नासू लागते. सकाळी मागितलेला भाव ढिवर बाईला दुपारी मिळत नाही, आणि संध्याकाळी ती मिळेल त्या भावाने टोपली रिकामी करते. खरेदीदाराला हे ठाऊक असते. त्याने काही न करता केवळ उशीर केला तरी भाव त्याच्या बाजूने झुकतो. जाळ्यासाठी त्यानेच आगाऊ रक्कम दिली असेल, तर घासाघीस करण्याचाही प्रश्न उरत नाही.

याच वेळी विदर्भातील बाजारांत आंध्र प्रदेशातील तळ्यांची मासळी बर्फात बसून, शेकडो किलोमीटरांचा प्रवास करून येते आणि ताजी म्हणून विकली जाते. चार कोसांवरच्या तलावातील मासळी मात्र शिळी ठरते. दोन्हींच्या कसात म्हणण्यासारखा भेद नाही. भेद बर्फाचा आहे. उष्ण हवेत एक किलो मासळी राखण्यास साधारण एक किलो बर्फ लागतो. तो ज्याच्या मालकीचा, त्याच्या हाती भाव.

डॉ. राममनोहर लोहियांच्या ‘दाम बांधो’ या घोषणेमागे दोन हंगामांमधील भावाची लूट थांबविण्याचा विचार होता. धान्याच्या बाबतीत तो निदान अंशतः अमलात येऊ शकला, कारण धान कोठारात राहू शकते. गडचिरोलीत आदिवासी विकास महामंडळ हमीभावाने धान खरेदी करते. मासळीला हमीभाव नाही. वनोपजाचा अनुभवही हेच सांगतो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी २०११ पर्यंत झगडावे लागले. बांबू थांबू शकला, म्हणून गावही नेटाने थांबू शकले. २००६च्या त्याच वनहक्क कायद्यात पाणवठ्यांतील मासळीवरील सामूहिक हक्कही नमूद आहे. पण मासळीला दोन वर्षे थांबता येत नाही. नाशवंत मालावरचा हक्क, तो माल टिकविण्याच्या साधनावाचून अर्धाच राहतो.

हे साधन सहकारातून उभे राहू शकते, याचा दाखला पालघर जिल्ह्यातील सातपाटीने दिला आहे. तेथील मच्छीमारांच्या सहकारी संस्था केवळ परवान्यांपुरत्या राहिल्या नाहीत. त्यांनी स्वतःचे बर्फ कारखाने चालविले आणि पापलेटची विक्रीही आपल्या हाती घेतली.

यावर आक्षेप येईल की पूर्व विदर्भातील एकेका संस्थेचे उत्पन्न तुटपुंजे आहे, बर्फ कारखाना वर्षातील निम्मे महिने रिकामा राहील आणि विजेचे बिल संस्थेला बुडवील. हा आक्षेप निराधार नाही. अनुदानातून उभ्या राहिलेल्या आणि पुढे कुलूप लागलेल्या इमारती ग्रामीण भागाला अपरिचित नाहीत. म्हणूनच प्रत्येक तलावाला कारखाना मागणे शहाणपणाचे ठरणार नाही. वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी या परिसरातील संस्थांनी मिळून वडशासारख्या रेल्वेच्या गावी एकच बर्फ कारखाना, शीतपेट्या आणि उघड्या लिलावाचा ओटा उभारावा. तलाव एकाच वेळी न उपसता पाळीपाळीने काढावेत. उरलेल्या महिन्यांत भाजीपाला व दूध यांसाठी ते साधन भाड्याने द्यावे. पैशाचे मार्ग अगदीच बंद नाहीत. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बर्फ कारखाने व शीतसाखळी यांना साहाय्याची तरतूद करण्यात आली. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२५ साली मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतीच्या दराने वीज हा त्याचाच भाग आहे. हा लाभ ढिवरांच्या संस्थेला मिळतो की एखाद्या व्यापाऱ्याच्या शीतगृहाला, हा खरा राजकीय प्रश्न आहे. त्याचे उत्तर मंत्रालयात आपोआप ठरणार नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम त्यामुळे स्पष्ट आहे. ठेक्याची रक्कम कमी करा, ही मागणी योग्यच आहे; पण तेवढ्यावर थांबल्यास व्यापाऱ्याची पकड सैल होत नाही. संस्थांच्या सभासद यादीत खरोखर जाळे टाकणारे किती आणि नावापुरते किती, हे तपासावे लागेल. बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या स्त्रियांना सभासदत्व आणि संचालक मंडळात जागा मिळवून द्यावी लागेल, कारण भावाचा व्यवहार त्यांच्याच अंगावर येतो. आणि संस्थांचा संघ बांधून बर्फाची मागणी त्याच्या नावाने लढवावी लागेल. ढिवर बाईला ‘आज भाव नाही, उद्या विकीन’ असे म्हणता आले, म्हणजे समुद्र नसतानाही वडशाला बंदर लाभेल.