प्रायव्हेट गाईड

सुरुवातीलाच कबूल करते, मराठी विभागासाठी लिहायची ही माझी पहिलीच वेळ. सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादकांची आणि मतांची माझी!

तर आमच्या शाळेत 'गाईड' बाळगणं हा गुन्हा होता. दप्तरात सापडलं की सिस्टर जप्त करायच्या आणि डायरीत शेरा यायचा. तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं, की गाईड लागतं ते ढ मुलांना, हुशार माणूस आपलं आपण शोधतो. इंजिनिअरिंगला आल्यावर या शब्दाचा दुसरा अर्थ कळला : प्रोजेक्ट गाईड, म्हणजे ज्यांची सही लागते ते सर. तिसरा अर्थ कळायला मात्र मला फ्रान्समध्ये जाऊन चिखलात रुतावं लागलं. त्याचीच ही गोष्ट, आणि त्यावरून झालेलं माझं मत.

माझी आत्या फ्रान्समध्ये रेन या गावी राहते. गेल्या जूनमध्ये तिनं आजीला बोलावून घेतलं आणि एवढ्या लांबच्या विमानप्रवासाला सोबत म्हणून माझी वर्णी लागली. रेनपासून तासाभराच्या अंतरावर, ब्रिटनी आणि नॉर्मंडी या दोन प्रांतांच्या सीमेवर, मों सां मिशेलचा बे आहे. बे म्हणजे उपसागर, पण बंगालच्या उपसागरासारखा अवाढव्य नव्हे, किनारा आत वळून झालेला उथळ, सपाट भाग. त्याच्या कडेला पाण्यात एक खडक, खडकावर गाव आणि गावाच्या डोक्यावर मठ. मठाच्या चर्चचं बांधकाम 1023 मध्ये सुरू झालं. 1979 पासून हा मठ आणि त्याचा बे, दोन्ही मिळून जागतिक वारसास्थळ आहे. मठ तर सगळेच बघतात. मला नवल वाटलं ते यादीत 'आणि बे' असं लिहिलेलं आहे याचं.

आत्यानं आम्हा चौघांसाठी, म्हणजे ती, आतोबा, आजी आणि मी, दिवसभरासाठी प्रायव्हेट गाईड ठरवली होती. गाडी तिची, वेळापत्रक तिचं, आणि दुसरं कुणी सोबत नाही. किंमत आत्यानं सांगितली नाही, पण मी गुपचूप बघितली आणि मनातल्या मनात आपल्या मेसच्या बिलानं भागली. जवळजवळ वर्षभराचं जेवण! मी म्हटलं, "आत्या, रेनहून तिथे थेट बस जाते. इंटरनेटवर सगळी माहिती आहे. गाईड कशाला?" आत्या म्हणाली, "मठासाठी नको असेल. वाळूसाठी लागेल."

गाईड पंचावन्न-साठच्या बाई होत्या, बेच्या काठच्याच एका गावात जन्मलेल्या. इंग्रजी बोलायच्या. आजीला इंग्रजी येत नाही, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे. गाडीत बसताच मी माझं ज्ञान पाजळलं. म्हटलं, "भरती सगळ्यात मोठी पौर्णिमेला असते. पौर्णिमा तर परवाच झाली. आपला चान्स दोन दिवसांनी हुकला." बाई हसल्या. म्हणाल्या, "नाही. इथे सगळ्यात मोठी भरती पौर्णिमा-अमावास्येनंतर छत्तीस ते अठ्ठेचाळीस तासांनी येते. म्हणून तर आजचा दिवस निवडला." मी हे आजीला मराठीत सांगितलं, तर आजी म्हणते, "मग? द्वितीयेलाच तर पाणी जास्त चढतं. तुला कुणी सांगितलं पौर्णिमेला म्हणून?"

आजीचं माहेर कोकणातलं, किनाऱ्यावरचं. तिथून पुढे त्या दोघींचीच मैफल जमली. आजी उधाण म्हणाली, मी 'स्प्रिंग टाइड' असं भाषांतर केलं. आजी म्हणाली, "आणि भांग कधी असते इकडे?" मी गप्प. मला केसांचा भांग माहीत आणि होळीची भांग माहीत. अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला आपल्या किनाऱ्यावर भांग म्हणतात, हे मला फ्रान्समध्ये, चालत्या गाडीत, आजीकडून कळलं. पुस्तकात चंद्र आणि सूर्य एका रेषेत आले की भरती मोठी, एवढंच लिहिलेलं असतं. पण एवढं पाणी जागचं हलायला वेळ घेतं, हे किनाऱ्यावर उभं राहिलेल्या दोन्ही बायकांना माहीत होतं. मला नव्हतं.

उधाणाला इथलं पाणी चौदा-पंधरा मीटरपर्यंत चढतं-उतरतं. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्यात मोठ्या उधाणाला हाच फरक पाच मीटरच्या आसपास असतो. पण आकड्यानं काही कळत नाही. दुपारी मठाच्या गच्चीवरून बघितलं तर समुद्र नव्हताच! क्षितिजापर्यंत करडी, ओली, चमकणारी जमीन, आणि तिच्यावर मुंग्यांसारखी माणसं. ओहोटीला पाणी दहा-पंधरा किलोमीटर मागे जातं. ओहोटीला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत गेलेल्यांनी तेच दृश्य कितीतरी पटींनी मोठं करून डोळ्यांसमोर आणावं.

गाईडनं दिवस भरतीभोवती आणि आजीच्या गुडघ्यांभोवती आखला होता. सकाळी मठ. तिथे मी, आत्या आणि आतोबा तिच्याबरोबर वर चढलो. आजी खाली एका बाकावर बसून येणारं-जाणारं जग बघत राहिली. मठात एक प्रचंड लाकडी चाक आहे. मठाचा तुरुंग झाला होता, तेव्हा कैदी त्या चाकात शिरून पायांनी ते फिरवायचे आणि दोरानं सामान वर चढायचं. 1863 मध्ये तो तुरुंग बंद झाला. दुपारी पाणी दूर गेल्यावर आम्ही वाळूत उतरलो. ग्रुपवाले गाईड लोकांना समोरच्या किनाऱ्यावरून मठापर्यंत सहा-सात किलोमीटर चालवत आणतात. आम्हाला बाईंनी मठाच्या पायथ्याजवळचाच थोडा भाग दाखवला. आजीनं नऊवारी वर खोचली, चपला पिशवीत टाकल्या आणि निघाली की!

बाई पुढे, हातात काठी. दर थोड्या अंतरावर थांबून जमीन बघायच्या. मी विचारलं, "तुम्ही लहानपणापासून इथे चालताय, तरी बघावं लागतं?" त्या म्हणाल्या, "काल गेले तिथून आज जाणार नाही. नद्यांचे प्रवाह वाळूत रोज जागा बदलतात." इथे माणसांना वाळूवर नेणाऱ्या गाईडला सरकारी मान्यता लागते ती उगाच नाही. पाणी घोड्याच्या वेगानं धावत येतं, अशी तिकडे म्हण आहे. ते खरं नाही. ते साधारण झपझप चालणाऱ्या माणसाच्या वेगानं येतं. पण आधी खोलगट प्रवाहांतून येतं आणि तुमच्या पाठीमागे भरतं. तुम्ही समोर कोरडी जमीन बघत उभे, आणि परतीची वाट केव्हाच गेलेली!

आता माझा पराक्रम. एका जागी जमीन इतकी गुळगुळीत आणि घट्ट दिसली, की मी बाईंना ओलांडून पुढे गेले. त्यांनी अडवलं नाही. चार पावलं बरी पडली, पाचवं घोट्यापर्यंत गेलं. ते ओढायला गेले तर दुसरा पाय गुडघ्यापर्यंत. जोर लावेन तितकं घट्ट. आजी ओरडायला लागली. बाई शांतपणे जवळ आल्या आणि म्हणाल्या, "तू इंजिनिअर ना? मग सांग, काय झालं?"

मित्रहो, मी सिव्हिलची. बारीक वाळू पाण्यानं पूर्ण भरलेली असली आणि हादरली, की कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, कण एकमेकांचा आधार सोडतात आणि माती द्रवासारखी वागते. याला लिक्विफॅक्शन म्हणतात. सॉइल मेकॅनिक्सच्या टेस्टमध्ये याच प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते. आणि त्या क्षणी मला एक शब्द सुचला नाही. बाईंनीच शिकवलं : सरळ वर ओढू नकोस. अंगाचं वजन पसरव, मागे रेल, पाय हळूहळू हलव, म्हणजे भोवती पाणी शिरेल. माणूस या वाळूत पूर्ण बुडत नाही, कारण ती आपल्यापेक्षा जड असते. तो अडकतो. आणि अडकलेल्याकडे मग भरती येते. बायो गावचं अकराव्या शतकातलं एक लांबलचक भरतकाम आहे. त्यात हेरॉल्ड याच भागातल्या वाळूत रुतलेल्या सैनिकांना ओढून बाहेर काढताना दाखवलाय. म्हणजे हजार वर्षं माणसं इथे रुतताहेत. त्यात एक मी.

बाहेर आल्यावर मला हसू आलं नाही. मला आमचं मिनी प्रोजेक्ट आठवलं. विषय? लिक्विफॅक्शन! काचेच्या टाकीत ओली वाळू, वर पुठ्ठ्याची इमारत, टाकी हलवली की इमारत खचणार, अशी योजना. आम्ही चौघींनी हॉस्टेलमागच्या बांधकामावरची जाडी वाळू आणली. एक्स्टर्नलसमोर टाकी हलवली. हलवली, हलवली... इमारत ताठ! पाणी जाड्या वाळूतून नुसतं निचरत होतं. एक्स्टर्नलनी फाइल उघडली, चार ठिकाणी गाईडची सही बघितली आणि विचारलं, "वाळू कुठली घ्यायची ते सरांना विचारलं होतं का?" नव्हतं. वर्षभरात आम्ही सरांकडे चारदा गेलो, चारही वेळा सहीसाठी. सर मागे उभे होते. ते काही बोलले नाहीत, म्हणून जास्त लागलं.

आणि न विचारण्याची सवय फक्त आमच्यासारख्या पोरींनाच असते असंही नाही. संध्याकाळी बाई आम्हाला कुएनों नदीवरच्या बंधाऱ्यावर घेऊन गेल्या. 1879 मध्ये मठापर्यंत भरावाचा रस्ता बांधला, 1969 मध्ये भरतीचं पाणी नदीत शिरू नये म्हणून बंधारा घातला. हेतू चांगलेच होते. पण गाळ वाहून नेणारं पाणीच अडलं, आणि बेटाभोवती गाळ साचून ते जमिनीला चिकटायला लागलं. मग पुढच्या इंजिनिअरांनी पाण्याची चाल समजून घेतली. 2009 मध्ये नवा बंधारा सुरू झाला, आठ दरवाज्यांचा. भरतीचं पाणी आत अडवून ठेवायचं आणि ओहोटीला सोडायचं, म्हणजे त्या झोतानं गाळ परत समुद्रात जातो. भराव काढून टाकला. 2014 पासून बारीक खांबांवरचा पूल आहे, खालून पाणी मोकळं वाहतं. आम्ही कठड्याला टेकून उभे होतो. लांबून एक पांढरी रेघ आली, मग आवाज आला, आणि दुपारी मी रुतले होते ती जागा बघता बघता पाण्याखाली गेली. आजीनं नकळत हात जोडले.

आता मत. प्रायव्हेट गाईड म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असं तुम्ही म्हणाल. अर्धं खरं आहे. तुमच्यापैकी कुणी उद्या तिकडे शिकायला गेलं आणि खिशात पैसे नसले, तर बसनं जा, मठ आपला आपण बघा. पण वाळूत उतरायचं तर मान्यता असलेल्या गाईडच्या ग्रुपबरोबरच. तिथे मात्र 'आपलं आपण' नको. आणि घरातलं कुणी म्हातारं माणूस बरोबर असेल, तर प्रायव्हेट गाईडचे पैसे वाया जात नाहीत. चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये आजीच्या भांगेला कुणी थांबलं असतं का?

पण परतीच्या वाटेवर मी दुसराच हिशेब करत होते. चार माणसं, एक गाईड, एक दिवस, किंमत वर्षभराची मेस. आणि आपल्याकडे? चार जणांचा ग्रुप, एक गाईड, अख्खं वर्ष, किंमत शून्य! प्रायव्हेट गाईड आपल्या प्रत्येकाला आधीच मिळालेला आहे. आपण त्याच्याकडून सह्या घेतो.

लहान तोंडी मोठा घास, पण सर-मॅडमनाही एक विनंती. त्या बाई रोज जमीन नव्यानं तपासायच्या. पिवळ्या पडलेल्या नोट्सवरून चालल्या असत्या तर कधीच बुडाल्या असत्या. आणि मी पुढे गेले तेव्हा त्यांनी मला रुतू दिलं, पण लक्ष ठेवून, हाकेच्या अंतरावर. आम्हालाही असंच थोडं रुतू द्या. फक्त भरतीच्या आधी या.

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी आमच्या ग्रुपनं सरांची गुरुवारी चारची वेळ मागून घेतलीय. नियम एकच, सहीचं पान रूमवर ठेवायचं आणि प्रश्न बरोबर न्यायचा. पहिला प्रश्न ठरलाय : "सर, वाळू कुठली घ्यायची होती?"