भीती विसरलेले क्वोल

मुंगसाहून लहान चण, करड्या-तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, टोकदार नाक आणि टपोरे डोळे. हा उत्तर ऑस्ट्रेलियातला क्वोल. कांगारूसारखाच पोटाशी पिले वाढवणारा, पण पक्का मांसाहारी. नराचे आयुष्य जेमतेम वर्षभराचे. पहिल्याच विणीच्या हंगामात माद्यांमागे धावून तो इतका झिजतो, की हंगाम सरताच मरून जातो!

उंच गवत आणि विरळ निलगिरी असलेल्या तिथल्या सॅव्हाना प्रदेशात क्वोल पूर्वी पश्चिमेपासून थेट क्वीन्सलँडपर्यंत आढळे. जोडीला झाडावर चढणारे उंदीर होते, बॅन्डिकूट होते (नाव आपल्याकडच्या घुशीचे, नाते मात्र काही नाही). आता हे छोटे प्राणी उरले आहेत ते मुख्यतः खडकाळ डोंगरांत, भरपूर पावसाच्या किनाऱ्यालगत आणि बेटांवर. मधल्या प्रदेशात गवत आहे, पाऊसही आहे, प्राणी नाहीत. काकाडू राष्ट्रीय उद्यानात २००१ ते २००४ या काळात पाहिलेल्या जागा २००७ ते २००९ मध्ये पुन्हा तपासल्या, तेव्हा या प्राण्यांची संख्या ७१ टक्क्यांनी घटलेली आढळली. वणव्यात गवत जळाले की लपायला आडोसा राहत नाही आणि रानटी झालेल्या मांजरांचे फावते.

क्वोलवर आणखी एक संकट आले, तेही माणसाच्या हुशारीने. उसाची मुळे खाणाऱ्या अळ्यांनी (आपल्याकडच्या हुमणीचीच ही भावंडे) क्वीन्सलँडचे ऊसवाले बेजार झाले होते. म्हणून १९३५ मध्ये हवाईहून 'केन टोड' हे थोराड विषारी बेडूक आणले. अळ्या काही हटल्या नाहीत, बेडूक मात्र उत्तरेत सर्वत्र पसरले. २००१ मध्ये ते काकाडूत पोहोचले. क्वोलला बेडूक म्हणजे मेजवानी, पण हा बेडूक तोंडात धरला की खेळ खलास.

तेव्हा २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी ६४ क्वोल उचलून किनाऱ्यापलीकडच्या ॲस्टेल आणि पोबासू या दोन बेटांवर नेऊन सोडले. तिथे हे बेडूक नाहीत, मांजरे नाहीत, डिंगो हे रानकुत्रेही नाहीत. काही वर्षांतच क्वोलची संख्या हजारांवर गेली.

पुढे त्यांतले काही परत आणायचे ठरले. आधी त्यांना शिकवण देण्यात आली. मळमळ आणणारे औषध लावलेले बेडकाचे मांस एकदा खाऊ घातले, की क्वोल पुन्हा बेडकाच्या वाटेला जात नाही. युक्ती नामी होती. शिकवलेले क्वोल काकाडूत सोडले. पण डिंगोंनी त्यांचा फडशा पाडला.

असे का व्हावे? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचे उत्तर आहे. बेटावरच्या क्वोलची पिंजऱ्यात जन्मलेली पिले डिंगोच्या आणि मांजराच्या वासाला दचकतच नव्हती. मुख्य भूमीवरच्या क्वोलची पिले, तीही पिंजऱ्यातच जन्मलेली, तो वास येताच लांब राहत. बेटावर भीती विसरायला लागल्या होत्या अवघ्या तेरा पिढ्या, म्हणजे क्वोलच्या हिशेबाने तेरा वर्षे.