ओली बाळंतीण आणि 'नैराश्य' हा शब्द

लालबागच्या ज्या चाळीत माझे बालपण गेले, तिथे एक बाळंतीण दिवसचे दिवस गॅलरीत पाठमोरी बसून असे. आत पाळण्यात मूल रडत राही. तिच्याविषयी चाळीत दोनच मते होती: 'बाहेरचे काहीतरी लागले' हे एक आणि 'थेरं' हे दुसरे. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे. रडायलाही आडोसा नव्हता. तिला काय होते आहे, असे कुणी विचारल्याचे आठवत नाही. विचारायचे तर कोणत्या शब्दांत, हा प्रश्न मला फार उशिरा, मराठी शिकवू लागल्यावर पडला.

बाळंतिणीच्या देहासाठी आपल्याकडे शब्दांना तोटा नाही. शेक-शेगडी, धुरी, बाळंतशोपा, अळिवाचे लाडू, बाळंतविडा. 'ओली बाळंतीण' या शब्दजोडीत तर तिच्या हळवेपणाची केवढी जाण आहे! मन बिघडले की मात्र आपण बाळंतवातात शिरतो, नाहीतर भुताखेतांत. साहित्यातली आईही बहुधा मुलाने आठवलेली. 'श्यामची आई' (१९३५) हे त्याचे सर्वांत लाडके उदाहरण. पण आपल्या जन्मानंतरचे सहा आठवडे कोणत्या मुलाला आठवणार? ते दिवस बाईनेच लिहायला हवेत. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये (१९८६) ते लिहिले, तेव्हा पहिल्यांदा दिसली ती बाळंतिणीची भूक.

भूक आणि मन यांचा संबंध पुढे संशोधनानेही दाखवला. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांचा गोव्यातील बाळंतिणींविषयीचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतील २३ टक्के स्त्रियांत नैराश्य आढळले. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी होणे यांनी धोका वाढत होता. यातले 'थेरं' कोणते?

कायद्याने देहाची दखल बरीच आधी घेतली. मुंबई इलाख्यात कामगार स्त्रियांसाठी प्रसूतिलाभाचा कायदा १९२९ साली झाला. त्याच्या विधेयकाला १९२८ मध्ये विधिमंडळात पाठिंबा देणारे डॉ. आंबेडकर परळच्या चाळीत वर्षानुवर्षे राहिलेले. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. रजा हवीच. पण लालबाग-परळमधल्या घरकाम करणाऱ्या, डबे करणाऱ्या बाईला कुठली रजा?

सहाव्या आठवड्यात मात्र ती बाळाला लसीसाठी घेऊन येते. कार्डावर बाळाचे वजन आणि लस यांची नोंद होते. त्याच रांगेत आईची विचारपूस व्हावी, एवढेच माझे म्हणणे आहे. एडिंबरा येथे १९८७ साली तयार झालेली दहा प्रश्नांची मोजपट्टी गेल्या सात दिवसांविषयी विचारते. वेळही फार लागत नाही. अडचण भाषेची आहे. 'नैराश्य' म्हणजे आशा सुटणे. इथे तर सगळ्यांच्या मते आशा फळाला आलेली! 'तू निराश आहेस का?' या प्रश्नाला ती बाई 'छे' असेच म्हणेल. बाया म्हणतात: जीव रमत नाही, उगाच रडू फुटते, छातीत धस्स होते, पोराकडे बघवत नाही.

ही शब्दसंपदा परिभाषाकोशात मिळणार नाही. परळच्या प्रसूतिगृहांतल्या परिचारिकांना आणि लालबागच्या आयाबायांना ती ठाऊक आहे. मराठीच्या एखाद्या विभागाने प्रकल्प म्हणून ती गोळा करायला काय हरकत आहे? आमच्या गॅलरीतली ती बाई आता सत्तरीला आली असेल. सुरुवात तिच्यापासूनही करता येईल.