पाच किलोमीटर, पस्तीस मिनिटं

फॉर्ममध्ये एक रकाना होता. 'तुम्ही पाच किलोमीटर किती मिनिटांत पळता?' मी बिनधास्त ठोकून दिलं... पस्तीस! खरं सांगायचं तर मी शेवटचा पळालो होतो तो हिंजवडीला जाणारी कंपनीची बस पकडायला. तीही सुटली होती.

तर मंडळी, ही गोष्ट जून २०२४ ची. हम्प्ता पासला जायचं खूळ बायकोचं. मनालीजवळून निघायचं, खिंड ओलांडून पलीकडे लाहौलमध्ये उतरायचं. अलीकडे सगळं हिरवंगार, पलीकडे एकदम रखरखीत, तपकिरी डोंगर. तिला तो बदल डोळ्यांनी बघायचा होता. खिंडीची उंची सुमारे ४,२७० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवलं, तरी वर जवळजवळ हजार मीटर उरतातच. हे गणित मी परत आल्यावर केलं, हा भाग वेगळा.

बायको जानेवारीपासून रोज पहाटे पर्वती चढत होती. आधी एकदा, मग तीनदा, मग पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो तांदूळ घालून. आमच्या घरात तेव्हा त्या तांदळाला 'ट्रेकचा तांदूळ' म्हणत, आणि त्याचा भात करायला बंदी होती. माझं काय? आधी रिलीज होतं, मग क्लायंट आला, मग ऊन फार वाढलं. निघायच्या तीन आठवडे आधी एकदा सिंहगड केला. आतकरवाडीतून वर जायला पावणेदोन तास, त्यात तीनदा लिंबूसरबत. वर कांदाभजी, पिठलं-भाकरी आणि दही. खाली येताना पाय लटपटत होते, पण मी स्वतःला म्हटलं, झाली की प्रॅक्टिस!

पुणेकरांचा हा एक खास प्रॉब्लेम आहे. डोंगर खिडकीतून दिसतो, त्यामुळे आपण डोंगरवाले आहोत असं वाटत राहतं.

पहिला दिवस मजेत गेला. जोबरापर्यंत गाडी, तिथून चिकापर्यंत चाल. मी सगळ्यांत पुढे, गाणी म्हणत. दुसऱ्या दिवशी चिकाहून 'बालू का घेरा' गाठायचं होतं, आणि तिथे माझी वाट लागली. बारा पावलं, की ब्रेक. बारा पावलं, की ब्रेक. नाशिकच्या एक काकू होत्या, बँकेतून रिटायर झालेल्या. त्या मला मागे टाकताना म्हणाल्या, "सावकाश या हो, आपल्याला कुठे पंचिंग करायचंय!"

शेवटून पहिला येणाऱ्याची खरी गोची कुठे होते सांगू? पुढचे लोक थांबतात, बसतात, पाणी पितात, चिक्की खातात. तुम्ही धापा टाकत तिथे पोहोचता, तेव्हा त्यांचं बसून झालेलं असतं. तुम्ही आलात की ते उठतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. सॅक काढून बाटली काढायचा कंटाळा, म्हणून पाणी नाही. जेवायला बसलं तर अजून मागे पडू, म्हणून डबा तसाच.

दुपारी डोकं दुखायला लागलं. मला वाटलं ऊन, मग वाटलं दमलोय.

संध्याकाळी आमचा लीडर, पंचविशीचा मनालीकडचा पोरगा, प्रत्येकाला विचारत फिरला, "सर, सिरदर्द? उल्टी जैसा?" मी हसून म्हटलं, "एकदम फिट!" कारण हो म्हटलं तर मला खाली पाठवतील, आणि माझ्यामुळे हिचा ट्रेक बोंबलेल. काय लॉजिक आहे बघा.

रात्री उलट्या. बायकोनेच लीडरला उठवलं. त्याने बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा ७४. तो काही बोलला नाही, पण टॉर्चच्या उजेडात त्याचा चेहरा दिसला.

"सिरदर्द कब से है?"

"दोपहर से."

"तो शाम को क्यों नहीं बोला, सर?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. रात्रभर तो दर तासाला येऊन बघून जात होता. आणखी बिघडलं तर अंधारातच उतरायचं, असं त्याने सांगून ठेवलं होतं.

इथे जरा सिरीयस होतो. ऑफिसात दोन प्रकारचे एक्स्पर्ट भेटतात. एक म्हणतो, फिट माणसाला उंचीचा त्रास होत नाही. दुसरा म्हणतो, डायमॉक्सची गोळी घ्या, की झालं. दोन्ही चूक. मॅरेथॉन पळणाऱ्यालाही त्रास होऊ शकतो. चार हजार मीटरच्या वर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, पण हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपास येतो, आणि त्याची सवय व्हायला प्रत्येकाच्या शरीराला आपापला वेळ लागतो. गोळीने ती सवय व्हायला मदत होते, पण ती डॉक्टरांना विचारून घ्यायची असते. आणि दम ती देत नाही. मग पर्वती चढून उपयोग काय? उपयोग असा, की बायकोला स्वतःचं दमणं माहीत होतं. तिचं डोकं दुखलं असतं, तर तिला लगेच कळलं असतं की हे काहीतरी वेगळंय. मी सकाळपासूनच मेलेला होतो. दम लागलाय की उंची बाधलीय, हे मला ओळखूच येईना. आणि जे ओळखता आलं, ते मी लपवलं.

पहाटे ग्रुप खिंडीकडे निघाला. मी असिस्टंट गाइडबरोबर खाली जायचं ठरलं. "मॅडम, आप जाइए, आप फिट हो," लीडर म्हणाला. मीही म्हणालो, "तू जा." म्हणालो, पण जरा हळूच.

"मी पण खाली येते," ती म्हणाली आणि बुटाच्या नाड्या बांधायला वाकली.

चिकाला पोहोचेपर्यंत माझं डोकं थांबलं. हे उंचीचं फार विचित्र असतं. थोडंसं उतरलं, की माणूस चक्क बरा होतो. मी दोन थाळ्या डाळभात हाणला. ती माझ्याकडे पाठ करून दगडावर बसली होती, आम्ही आलो त्या दरीकडे बघत. ढग वर सरकले होते. त्या वेळी ग्रुप खिंडीत असणार.

मला राहवेना. म्हटलं, "अगं, ते पस्तीस मिनिटं... मी खोटं लिहिलं होतं."

"माहितीय. फॉर्म मीच अपलोड केला होता ना."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, जूनपर्यंत तू करशील."

मनालीत तिसऱ्या दिवशी बाकीचे लोक लाहौलच्या बाजूने अटल टनेलमधून परतले. नाशिकच्या काकूंनी मोबाइलवर फोटो दाखवले. तपकिरी डोंगर. बायकोने एकेक फोटो झूम करून पाहिला आणि विचारलं, "काकू, हे मला पाठवाल का?"

सध्या मी पहाटे पळतो. सोसायटीतली कुत्री पहिल्या आठवड्यात भुंकायची, आता सोबत येतात. ट्रेकच्या तांदळाची सॅक माझ्या पाठीवर असते, रविवारी पर्वती. गुडघे चढताना नाही, उतरताना बोलतात. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

परवा बायको लॅपटॉप घेऊन बसली होती. तोच फॉर्म. तिचं नाव, तिचं वय, पाच किलोमीटरला एकतीस मिनिटं, जी तिची खरीखुरी आहेत. खाली रकाना : सोबत कोणी आहे का? तिने माझ्याकडे पाहिलं.

"एक्केचाळीस," मी म्हणालो.

"शेवटची तारीख पंधरा एप्रिल आहे," ती म्हणाली. रकाना तसाच ठेवला आणि लॅपटॉप मिटला.